वरण-बट्टी तीच, फक्त तुपाची धार नाही: दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी खान्देशी स्वयंपाक

दुधाची अ‍ॅलर्जी आणि दूध न पचणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि घरात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दूध पचत नाही तेव्हा अडचण दुधातल्या साखरेची असते. पोट फुगतं, जुलाब होतात, थोडं ताक मात्र बहुतेकांना चालतं. अ‍ॅलर्जीत शरीर दुधातल्या प्रथिनांवर, म्हणजे केसीन आणि व्हेवर, उलटतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, कधी श्वास अडकतो. अशा माणसाला 'घोटभर ताकाने काय होतंय' म्हणून आग्रह करू नका. दूध उकळून केसीन जात नाही. लॅक्टोज काढलेलं दूध, देशी गाईचं दूध, म्हशीचं, शेळीचं, यातलं काहीच पर्याय म्हणून देऊ नका. या सगळ्या दुधांतली प्रथिनं एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. श्वास लागला, घसा आवळल्यासारखा झाला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला दिलेलं असेल तर ते लगेच टोचा आणि 108 ला फोन करा.

आता तुपाकडे येऊ. तूप म्हणजे नुसतं स्निग्ध, त्यात दूध कुठे राहिलं, असं सगळेच म्हणतात. पण लोणी कढवताना पातेल्याच्या तळाला जी तपकिरी बेरी बसते, ती दुधाच्या प्रथिनांचीच. गाळून घेतलं तरी अंश तुपात उरतोच. म्हणून अ‍ॅलर्जी असलेल्याच्या ताटात तूप नको.

खान्देशात ही गोष्ट अवघड नाही. कळण्याची भाकरी, ठेचा, तेलावरचं वांग्याचं भरीत, पाटोड्यांचा रस्सा, डुबुक वडे, खोबऱ्या-कांद्याच्या वाटणाची शेवभाजी यांत मुळात दूध नाहीच. दूध शिरतं ते शेवटी: बट्टीवर तुपाची धार, फुनक्यांसोबत (तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके) कढी, पुरणपोळीबरोबर तुपाची वाटी. तेवढ्या जागा सांभाळल्या की झालं. हॉटेलातल्या शेवभाजीबद्दल मात्र विचारूनच खा. रस्सा दाट करायला मलई किंवा दूध पावडर टाकणारे असतात.

बट्टी

सहा जणांसाठी 400 ग्रॅम जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, 100 ग्रॅम मक्याचं पीठ, 80 मिली शेंगदाणा तेल, ओवा आणि जिरं एकेक चहाचा चमचा, अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. काही घरी पिठात दही घालतात, ते इथे वगळा. खुसखुशीतपणा मोहनातून येतो. तेल गरम करून पिठात घाला आणि चोळा. मूठ आवळल्यावर पिठाचा मुटका झाला आणि बोटाने दाबताच फुटला, की मोहन बरोबर. मुटका होतच नसेल तर चमचाभर तेल वाढवा. मग कोमट पाणी लागेल तसं घालत (साधारण 225 ते 250 मिली) घट्ट मळा आणि 20 मिनिटं झाकून ठेवा.

लांबट गोळे करून 25 मिनिटं वाफवा. सुरी घालून पाहा. पीठ चिकटलं तर आणखी पाच मिनिटं. आता घाई नको. वाफवलेला गोळा पूर्ण गार होऊ द्या, मगच काप करा. गरम कापला तर कडा चुरतात आणि तो चुरा कढईत जळतो. मध्यम आचेवर बदामी रंग येईपर्यंत तळा. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर बट्टी तेल पिते, फार कडक तापलं असेल तर वरून लाल होते आणि आत गिळगिळीत राहते.

तूप नसल्याने चुरलेली बट्टी कोरडी लागते, हे खरं आहे. उपाय दोन: तुरीचं वरण नेहमीपेक्षा पातळ ठेवा, आणि वरून घ्यायला अर्धी वाटी शेंगदाणा तेलात आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या मंद आचेवर सोनेरी करा, गॅस बंद करून मग लाल तिखट टाका. तिखट आधी टाकलं तर करपून कडू होतं.

फुनक्यांसाठी बिनदह्याची कढी

100 ग्रॅम कच्चे शेंगदाणे सहा तास भिजवा, सालं चोळून काढा, एकूण 750 मिली पाण्यात बारीक वाटून फडक्यातून पिळून घ्या. या दुधात दोन मोठे चमचे बेसन गुठळ्या न ठेवता कालवा. हळद, मीठ, आलं-लसूण-मिरचीचं वाटण घाला. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा आणि पुढे आठ-दहा मिनिटं शिजवा, नाहीतर बेसन कच्चं लागतं. हे दूधही उतू जातं, म्हणून पातेलं मोठं घ्या. तेलात जिरं, मेथीदाणे, कढीपत्ता आणि सुकी मिरची घालून फोडणी द्या.

आंबटपणा सगळ्यात शेवटी. गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग दोन मोठे चमचे लिंबाचा रस. उकळत्या कढीत लिंबू पिळलं तर शेंगदाण्याची प्रथिनं आकसतात आणि कढी फाटते. फाटलीच तर फेकू नका, रवीने किंवा मिक्सरमध्ये घुसळली की पुष्कळ सुधारते. कढी पुन्हा गरम करायची असेल तर उकळी येऊ देऊ नका. शेंगदाण्याचीही अ‍ॅलर्जी असेल तर नारळाचं दूध वापरा, आणि बट्टीचं व वरून घ्यायच्या लसणाचं तेलही बदला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळीचं पीठ तेलावर तिंबा, आमरसात दूध घालू नका. खिरीला नारळाचं दूध चालतं. गूळ घालायचा तो खाली उतरवल्यावर, फाटत नाही.

दुकानात पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो शाकाहारी असल्याचं सांगतो, दूध नसल्याचं नाही. घटकांत दुधाचे घन पदार्थ, व्हे, केसीन, केसिनेट शोधा. बिस्किटं, टोस्ट, खारी, ब्रेड, मार्गरिन सगळं वाचून घ्या. हलवायाची जिलबीही नको: पिठात बहुधा दही असतं, आणि कढई गुलाबजामची असू शकते.

दूध बंद म्हणजे कॅल्शियम दुसरीकडून यायला हवं: तीळ, नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात ठेवा. बी 12 यातून मिळत नाही, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला शेंगदाण्याचं किंवा नारळाचं दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नका. त्याला काय द्यायचं ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

पंगतीत खरी सावधगिरी लागते. तुपाची पळी वरणाच्या बादलीला लागते, तुपाने माखलेल्या हातानेच पुढची बट्टी वाढली जाते. म्हणून त्या माणसाचं ताट तूप बाहेर काढण्याआधी, कोऱ्या भांड्यातून वाढून घ्या. दुसऱ्यांदा लागेल तेवढं वरण आणि बट्टी झाकणाच्या डब्यात वेगळं काढून त्याच्याजवळच ठेवा, म्हणजे वाढप्याला त्याच्याकडे यावंच लागणार नाही.