बांधकाम, शोषखड्डा आणि बाग: आपल्या जागेची माती कशी ओळखावी

'माती चांगली आहे का?' हा प्रश्न अर्धाच आहे. चांगली कशासाठी, तेही विचारायला हवं. चिकणमाती अन्नद्रव्यं धरून ठेवते, म्हणून बागेला ती हवीशी असते. पण ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे पायाला त्रास देते. शोषखड्ड्यातलं, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यातलं, पाणीही लवकर मुरू देत नाही. म्हणून नकाशा काढण्याआधी माती बघा. घर, शोषखड्डा आणि बाग कुठे घ्यायची हे मग सोपं होतं.

१. खड्डा घेऊन थर बघा

घर, शोषखड्डा आणि बाग यांच्या संभाव्य जागी वेगवेगळे खड्डे घ्या, कारण एकाच प्लॉटमध्येही माती बदलते. बागेसाठी दोन फूट पुरतात, बाकीच्यांसाठी दीड-दोन मीटर लागतात. इतक्या खोल खड्ड्यात स्वतः उतरू नका, कडा अचानक ढासळतात. वरूनच बघा, किंवा गिरमिटाने माती वर काढा. विटांचे तुकडे, प्लास्टिक, राडारोडा निघाला तर ती जागा भरावाची आहे. भराव एकसारखा दबत नाही, त्यावर पाया नको.

२. रंग वाचा

हे बहुतेक जण सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. मातीतल्या लोहाला हवा मिळत राहिली तर माती तांबूस किंवा तपकिरी दिसते. बराच काळ पाणी साचलं की प्राणवायू संपतो, लोह विरघळून निघून जातं आणि माती राखाडी पडते. पाणी वर-खाली होत असेल तर राखाडी मातीत गंजासारखे ठिपके दिसतात. खड्डा कोरड्या दिवसांत घेतला तरी ओल्या हंगामात पाणी कुठवर चढतं ते हे ठिपके सांगतात. ते किती खोलीवर सुरू होतात ते मोजून लिहून ठेवा.

३. पोत तपासा

प्रत्येक थरातली मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठ्याने दाबत तिची पट्टी काढा. पट्टी बनतच नसेल तर माती रेताड आहे. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयट्याची (वाळू, गाळ आणि चिकणमाती मिसळलेली), पाच सेंटीमीटरच्या पुढे गेली तर चिकण.

खात्री करायची असेल तर काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, पाणी आणि चिमूटभर डिटर्जंट घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत. चिकणमातीला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. मग थरांची जाडी मोजा, त्यावरून तिघांचं प्रमाण कळतं.

४. शोषखड्ड्यासाठी पाणी मुरवून बघा

पाणी जिथे मुरवायचं आहे त्या खोलीपर्यंत साधारण ३० सेंटीमीटर रुंदीचा खड्डा घ्या. फावड्याने गुळगुळीत झालेल्या कडा खरवडा आणि तळाशी पाच सेंटीमीटर खडी टाका. आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा. ही पायरी टाळलीत तर कोरडी माती घटाघटा पाणी पिते आणि आकडा फसवा येतो.

दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटीमीटर पाणी ठेवून दर अर्ध्या तासाने पातळी मोजा. आकडा स्थिरावला की २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली ते काढा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा साधारणपणे चालतो. ३० ते ६० मिनिटं लागली तर पाणी लांब चरांमधून पसरवावं लागतं. त्याहून जास्त लागली तर दुसरी जागा किंवा दुसरी पद्धत शोधा. मिनिटभरातच पाणी उतरलं तर तेही वाईटच, कारण सांडपाणी मातीत शुद्ध न होताच भूजलात पोचतं. म्हणूनच शोषखड्ड्याचा तळ गंजाच्या ठिपक्यांच्या बराच वर हवा. विहिरीपासूनचं अंतर स्थानिक नियमांनुसार ठेवा आणि त्यात एक फूटही कमी करू नका.

५. पायासाठी

कोरड्या जमिनीला रुंद, खोल भेगा पडत असतील तर माती फुगणारी आहे. प्रयोगशाळेत हीच माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतल्या फरकावरून फुगवटा कळतो. जमीन किती भार पेलेल हे मात्र घरच्या चाचणीवरून ठरवू नका. ते काम भूतांत्रिक अभियंत्याचं. घर सगळीकडे सारखं थोडं खचलं तर सहसा निभावतं. एक कोपरा जास्त खचला की भिंतींना तिरक्या भेगा जातात.

६. बागेसाठी

आठ-दहा ठिकाणांहून १५ ते २० सेंटीमीटर खोलीची माती घ्या. खताच्या ढिगाजवळची किंवा नुकतंच खत टाकलेल्या जागेची नको. सगळी मिसळून पसरा, चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा आणि तो नमुना तपासणीला द्या. बहुतेक भाज्यांना ६ ते ७.५ सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) मानवतो. चिकण मातीत थोडी वाळू मिसळल्याने ती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट होऊ शकते, कंपोस्ट घाला. शोषखड्ड्याच्या जागेवर गवत चालतं, पण भाजीपाला आणि खोल मुळांची झाडं तिथे लावू नका.