जुनी डिझेल गाडी घेण्याआधी ऑइलचं झाकण उघडा

दिल्लीकडची दहा वर्षांपुढची डिझेल गाडी ग्वाल्हेरात स्वस्तात मिळते, पण "थोडं काम आहे" म्हणजे किती, ते कळत नाही.

1. सकाळी जा, इंजिन गार असताना. बॉनेट गरम लागलं तर परत फिरा. खराब स्टार्टिंग लपवायला ते आधीच तापवलेलं असतं.

2. दहा मिनिटं न्यूट्रलवर चालू ठेवा. मग ऑइल भरायचं झाकण सोडवून तोंडावर उलटं ठेवा (हाताशी फडकं असू द्या, शिंतोडे उडतात). नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि धूर धपधप यायला लागला, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल, नाद सोडा.

3. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणारच, तो दोष नव्हे. चहासारखं दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय.

4. मेकॅनिकच्या दुरुस्तीच्या अंदाजात तिसरा हिस्सा वाढवा, त्यात गाडीची किंमत आणि इथला रोड टॅक्स मिळवा. बेरीज चालू स्थितीतल्या तशाच गाडीच्या भावाला टेकली, तर ती चालू गाडीच घ्या.

आरसीची 15 वर्षांतली किती उरलीत ते बघा. एनओसी (जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र) हातात पडेपर्यंत बयाणाही देऊ नका.