वाचकांना मोबाइल वापरण्यास मदत करताना: ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी

देवघेव विभागात पुस्तक बदलायला आलेले ज्येष्ठ सभासद हल्ली मोबाइल पुढे करून ‘हे जरा बघता का?’ असे विचारतात. ही मदत ग्रंथालयाच्या कामाचाच भाग मानावी. मात्र मोबाइल शेवटपर्यंत सभासदाच्याच हातात राहील, याकडे कटाक्षाने लक्ष द्यावे. आपण शेजारी बसून कुठे दाबायचे ते दाखवावे आणि दाबू त्यांना द्यावे. घाईने आपणच उरकलेले काम त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा अडते, शिवाय पुढे खात्यातून पैसे गेले तर संशय आपल्यावर येतो.

प्रथम अक्षरांचा आकार पाहावा. ‘मला मोबाइल जमत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांना मुळात पडद्यावरचे नीट वाचताच येत नसते, आणि सेटिंगमधील डिस्प्ले विभागात जाऊन फॉन्ट मोठा केला की त्यांची निम्मी भीती जाते.

‘जागा भरली’ ही तक्रार नेहमीचीच. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडल्यास ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली एकत्र दिसतात. त्यातील शुभप्रभातचे व्हिडिओ सभासदाला एकेक दाखवून, विचारूनच काढू द्यावेत. गुगल फोटोजमध्ये अधिक जपावे लागते. तेथे बॅकअप सुरू असताना फोटो डिलीट केला, तर तो मोबाइलमधून आणि ऑनलाइन खात्यातूनही जातो. त्याऐवजी ‘फ्री अप स्पेस’ वापरावे, म्हणजे बॅकअप झालेल्या फोटोंच्या केवळ मोबाइलमधील प्रती निघतात. नातवंडांचे फोटो गेल्यावर हळहळण्यापेक्षा ही दोन मिनिटे सावकाश घालवलेली बरी.

पिन किंवा ओटीपी टाकला जात असताना नजर दुसरीकडे वळवावी. सभासदाने आग्रह केला तरी पासवर्ड ग्रंथालयाच्या वहीत लिहून ठेवू नये. बँकेचे व्यवहार करून देऊ नयेत. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे मात्र प्रत्येकाला आवर्जून सांगावे. फसवणूक झालीच असेल, तर ‘घरी जाऊन मुलाला विचारतो’ म्हणणाऱ्यांना थांबवून तेथूनच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावावी आणि बँकेलाही कळवायला सांगावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी अडवण्याची संधी सुरुवातीलाच असते.

नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी येतात. ‘जीवन प्रमाण’ आणि चेहऱ्यावरून ओळख पटवणारे आधारचे फेसआरडी ही दोन्ही अ‍ॅप अधिकृत प्ले स्टोअरवरूनच घ्यायला लावावीत, आधार व पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक हाताशी ठेवायला सांगावे आणि सभासदाला खिडकीकडे तोंड करून बसवावे. उजेड पाठीमागे असला की चेहरा अंधारात जातो आणि ओळख पटण्यात अडचण येते.

शक्य तेव्हा केलेल्या कृती मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून द्याव्यात, पण पडद्यावर जो शब्द दिसतो तोच चिठ्ठीत असावा. अर्थ लिहायचा असल्यास शेजारी लिहावा.