फॉर्म नंतर, आधी गोदाम

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डायहाऊसमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवायच्या कारखान्यात, लागले. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "आपले टॉवेल युरोपला जातात, रीचचं रजिस्ट्रेशन करून टाका." मी दोन दिवस फॉर्म शोधला. आम्हाला तो लागूच नव्हता. रीच हा युरोपीय संघाचा २००६ चा कायदा. तिथे वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त रसायन बनवणाऱ्याने वा आयात करणाऱ्याने त्याची नोंदणी करायची. टॉवेल ही तयार वस्तू. तिच्यातून मुद्दाम रसायन सोडायचं नसेल तर नोंदणी नाही. मात्र ॲझो या कापडाच्या रंगांच्या गटातल्या काही रंगांतून सुटणाऱ्या घातक अमाइन्सवर किलोला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती टॉवेललाही लागते. रंग विकत घेतानाच पुरवठादाराकडून तसं लेखी घ्या.

आपल्याकडे अशी सगळ्या रसायनांची एकच नोंदणी नाही. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९८९ चे घातक रसायनांचे नियम. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि कामगारांच्या सुरक्षेचा कायदा (आधी कारखाने कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार सुरक्षा संहिता आहे). कुठलं कलम कधी लागू होईल हे साठ्यात काय आहे, किती आहे यावर ठरतं. म्हणून वही घेऊन गोदामात जा. ड्रमवरचं व्यापारी नाव, त्याखालचा कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला क्रमांक), किलो, पुरवठादार, सगळं उतरवा. रंगकामातल्या पावडरीचं "हायड्रोस" हे बोलीतलं नाव एवढंच लिहिलंत तर उपयोग नाही. सोडियम डायथायोनाइट, ७७७५-१४-६ असं लिहा.

हे हायड्रोस मला जुलैत कळलं. पत्र्याच्या गळतीखाली एका ड्रमचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. जळक्या काडीसारखा वास आला. तीस वर्षं रंगकाम केलेले अण्णा ड्रमला हात लावून ओरडले, "तापलंय, बाहेर व्हा सगळे!" ओल लागली की ते आपोआप तापतं, पेटूही शकतं. त्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे धोके आणि काळजी सांगणारं माहितीपत्रक, कपाटातल्या फाइलमध्ये होती, इंग्रजीत. तिच्या सोळा भागांतला सातवा साठवणुकीचा आणि दहावा कशाशी काय होतं त्याचा. मी दोन्ही वाचलेच नव्हते.

आता ते दोन भाग प्रत्येक ड्रमच्या वर भिंतीवर मराठीत आणि तेलुगूत लावलेले आहेत. तेलुगू मजकूर अण्णांनीच लिहून दिला.