एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताय? पित्ताच्या गोळीपासून लुक्लाच्या विमानापर्यंत, या चुका टाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बेस कॅम्पच्या वाटेवरच्या नामचे गावाच्या वर कुठल्याही लॉजच्या जेवणघरात बसलं, की कुठल्यातरी टेबलावरून मराठी कानावर येतंच. आणि त्यात एक वाक्य ठरलेलं: “काही नाही रे, पित्त झालंय.” डोकं ठणकतंय, मळमळतंय, ताटाकडे बघवत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात ते पित्तच असतं. पण ४,४१० मीटरवरच्या डिंगबोचेत त्याला पित्त समजणं ही या ट्रेकमधली सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, कारण पित्ताची गोळी घेऊन माणूस निर्धास्त होतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी वर जातो.

अडीच हजार मीटरच्या वर नव्याने आल्यावर डोकं दुखलं आणि जोडीला मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं किंवा भूक मरणं यांतलं काही असलं, तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चालायचं. जागरण, ऊन, चुकलेला चहा ही कारणं नंतर शोधा. लक्षणं सौम्य असतील तर घाबरून खाली पळायची गरज नाही. त्याच गावात मुक्काम वाढवायचा, हवं तर पॅरासिटामॉल घ्यायची, हलकं जेवायचं. सकाळी पूर्ण बरं वाटलं तर पुढे. तसंच वाटत असेल तर आणखी एक दिवस तिथेच. वाढलं असेल तर खाली, आणि लगेच.

दोन अवस्थांमध्ये मात्र सकाळची वाट बघायची नसते. पहिली, मेंदूला सूज. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, बुटाची नाडी बांधताना गोंधळतो. शंका आली की टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर निकाल लागला. दुसरी, फुप्फुसात पाणी. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसतात, कधी गुलाबी फेसाळ थुंकी पडते. अशा वेळी रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दिवा घेऊन उतरायचं, किमान ५०० ते १,००० मीटर, आणि सोबत कुणीतरी हवंच. लॉजमध्ये ऑक्सिजन असेल किंवा डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही औषधं हाताशी असतील, तर जाणकाराच्या सल्ल्याने जरूर वापरा. पण ते उतरता येईपर्यंत वेळ मिळावा म्हणून. उतरणं टळत नाही.

चूक घरातच होते, कॅलेंडरसमोर

नऊ दिवसांची रजा मिळाली, दोन शनिवार-रविवार जोडले, येण्याजाण्याचे दिवस वजा केले आणि उरले तेवढ्यात बेस कॅम्प बसवला. बरेच कार्यक्रम असेच ठरतात. आखणी उलटी हवी, आधी गावांच्या उंच्या मांडून. लुक्ला (इथे विमान उतरतं) २,८६०, फाकडिंग २,६१०, नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४ आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटर. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा, असा संकेत आहे. आता वरचे आकडे पुन्हा बघा. फाकडिंगहून नामचेला एका दिवसात ८३० मीटर चढतो, तेंगबोचे ते डिंगबोचे आणि डिंगबोचे ते लोबुचे या दोन्ही टप्प्यांत पाचशेच्या थोडं वर. म्हणजे नेहमीचा कार्यक्रमसुद्धा काठावरचाच आहे, तो निभतो नामचे आणि डिंगबोचेतल्या दोन-दोन रात्रींमुळे. वेळ वाचवायला पहिली कात्री नेमकी यांच्यावरच चालते.

लुक्ला ते लुक्ला अकरा दिवस धरा आणि हवामानासाठी दोन दिवस राखून ठेवा. काठमांडू आणि प्रवास मिळून घरापासून घरापर्यंत सोळा दिवस होतात. तेवढी रजा नसेल तर यंदा नेपाळमधल्याच लांगटांग खोऱ्यात जा. तेही सुंदर आहे, शिवाय तिथे जायला विमान लागत नाही.

विश्रांतीच्या दिवशी पांघरूण ओढून पडणं हीसुद्धा चूकच. नामचेहून स्यांगबोचेवरून खुमजुंगला जाऊन या. हिलरींच्या पुढाकाराने १९६१ साली सुरू झालेली शाळा तिथे बघता येईल. डिंगबोचेतून मागच्या टेकडीवर दोन तास चढा. वर जायचं, थोडं थांबायचं आणि झोपायला खाली यायचं. मात्र त्या टेकडीचं टोक गाठण्याची शर्यत लावून दमून आलात, तर त्या दिवसाचा उपयोग शून्य.

सिंहगड किती मिनिटांत चढता, हे इथे विचारू नका

सह्याद्रीत तयार झालेल्या पायांचा फायदा होतोच, विशेषतः नामचेहून उतरताना गुडघ्यांना. पण दर रविवारी घड्याळ लावून सिंहगड चढणारा माणूस इथे जास्त धोक्यात असतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकावरसुद्धा शरीराला उंचीचा सराव होत नाही. फिटनेस आणि उंची मानवणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. दमसास चांगला असलेला माणूस पुढे निघतो, दोन वाजता मुक्कामी पोहोचतो आणि चार वाजता डोकं धरून बसतो. झुलत्या हिलरी पुलानंतर नामचेचा सहाशे मीटरचा खडा चढ लागतो, तिथे हे हमखास दिसतं. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. बोलताना वाक्य तुटायला लागलं, की वेग कमी करा.

ऑक्सिमीटरचंही तेच. रात्री जेवणानंतर सगळ्यांची बोटं तपासायची आणि दहावीच्या मार्कांसारखी तुलना करायची, हा खेळ नकोच. गार बोटांवर यंत्र चुकीचा आकडा दाखवतं. शिवाय गोरक्षेपला ऐंशीच्या आसपास आकडा असूनही माणूस ठणठणीत असू शकतो आणि त्याहून चांगला आकडा असलेला आजारी. चेहरा बघा, चाल बघा, जेवला का ते बघा.

कापराची पुरचुंडी हुंगण्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. घरून आणलेल्या ऑक्सिजनच्या छोट्या डब्याने काही मिनिटं बरं वाटेल, इतकंच. लॉजमधलं लसणाचं सूप चविष्ट असतं, जरूर प्या, पण औषध म्हणून नको. डायमॉक्स (ॲसिटाझोलामाइडची गोळी) मात्र खरंच उपयोगी आहे, त्याने शरीर उंचीशी लवकर जुळतं. प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे सहसा २५० ची गोळी मिळते, म्हणजे अर्धी अर्धी. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. बोटांना मुंग्या येतील, लघवीला जास्त जावं लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी चालू आहे म्हणून एक मुक्काम गाळायचा, हा हिशेब मात्र चुकीचा. झोपेची गोळी आणि दारू या दोन्ही वर जाताना टाळा.

डिंगबोचेतल्या जादा दिवसाचा आणखी एक उपयोग सांगतो, जो फार थोडे जण करतात. मधला दांडा ओलांडला की पलीकडच्या खोऱ्यात फेरिचे आहे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून आहे आणि हंगामात दुपारी उंचीच्या आजारावर डॉक्टर माहिती देतात. आपले प्रश्न घेऊन जा. गोरक्षेपला रात्री कुणाला त्रास झाला तर उतरून याच दवाखान्याशी यायचं आहे, तेव्हा वाटही बघून होते.

“माझ्यामुळे ग्रुपचा खोळंबा नको”

लक्षणं लपवण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. वर्षभर पैसे साठवलेले, एकत्र सराव केलेला, आणि आता एकट्यासाठी बारा जणांनी थांबायचं? म्हणून माणूस गप्प बसतो, मग काकू किंवा दादा “थोडंसंच दुखतंय” म्हणत लोबुचेपर्यंत येतात आणि तिथून पुढे कुणाच्याच हातात काही राहत नाही. यावर उपाय काठमांडूतच करता येतो. कुणी आजारी पडलं तर खाली सोबत कोण जाणार, ते नावानिशी आधीच ठरवा. दोन गाइड असतील तर एक त्या माणसाबरोबर उतरेल आणि बाकीचे पुढे जातील, हे सगळ्यांसमोर बोलून ठेवा. खोळंबा होणार नाही हे माहीत असलं की माणसं खरं सांगतात.

हमालांना कुणी विचारतच नाही. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, ओझी नेणारे बरेच जण खालच्या डोंगरांतले राई, तामाङ असतात. उंचीचा त्रास त्यांनाही तुमच्याइतकाच होतो, पण मजुरी बुडेल म्हणून ते बोलत नाहीत. त्यांच्या अंगावर गरम जाकीट आहे का, विमा आहे का, हे एजन्सीला पैसे देण्याआधी विचारा. आणि तीन जणांच्या पिशव्या एका पाठीवर लादू नका, भाव कितीही स्वस्त पडत असला तरी.

खाणं, पाणी, थंडी

नामचेच्या वर मांस नको. खुंबूच्या या भागात जनावर मारत नाहीत, त्यामुळे ते खालून कित्येक दिवस पाठीवरून आलेलं असतं. डालभात घ्या, वाढून परत मिळतो. भूक मेलीच असेल तर घरचं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं त्याच भातावर कमाल करतं. खोलीचं भाडं कमी असतं कारण लॉज चालतं ते स्वयंपाकघरावर. खोलीत राहून स्वतःच्या मॅगीसाठी फुकट गरम पाणी मागणाऱ्या गटांकडे साहुनी, म्हणजे लॉजची मालकीण, कशा नजरेने बघते, ते एकदा बघाच.

पाणी तीन-चार लिटर पुरे. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे झालं. सहा लिटर ढोसून उंचीचा आजार टळत नाही, उलट शरीरातलं मीठ कमी होऊन नवीनच त्रास सुरू होतो. रात्री धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून मोजा घालून ती झोपण्याच्या पिशवीत घ्या, सकाळी न गोठलेलं पाणी तयार. फोन आणि पॉवर बँकही तिथेच, थंडीत बॅटरी बसते. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवा. कोरड्या गार हवेने होणारा खुंबूचा खोकला टाळायचा तर पहिल्या दिवसापासून तोंडावर बफ (गळ्यातली कापडी पट्टी) ओढून चाला, खोकला सुरू झाल्यावर नव्हे.

वाटेत याक किंवा झोप्क्योंचा (याक-गाईच्या संकराचा) तांडा आला की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. मणी भिंतीला (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतीला) उजवीकडे ठेवून पुढे जा. आणि तेंगबोचेच्या गोम्पात (बौद्ध मठात) पूजा चालू असताना घोषणा नकोत. शिवाजी महाराजांच्या जयजयकाराला बेस कॅम्पचं मैदान मोकळं आहे.

कागद, पैसे, हेलिकॉप्टर

नेपाळच्या विमानप्रवासाला भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. सर्वसाधारण प्रौढ प्रवाशाचं आधार कार्ड चालत नाही, आणि हे दरवर्षी कुणाला तरी विमानतळावर कळतं. भारतीय रुपयाचा दर १.६० नेपाळी रुपये असा ठरलेला आहे. लुक्ला आणि नामचेत एटीएम आहेत, पण चालू असतीलच असं नाही, आणि वर तर रोखच लागते. चार्जिंग, गरम अंघोळ, वायफाय यांचे वेगळे पैसे पडतात आणि उंचीबरोबर ते वाढत जातात. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचं शुल्क आहे, ते मागून घ्या.

विमा घेताना किती मीटरपर्यंतचा ट्रेक धरला आहे ते वाचा. हजारो रुपयांच्या साध्या प्रवास विम्यात हा ट्रेक बसतोच असं नाही. सहा हजार मीटर आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही लेखी हवं. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार उघड झाले होते. म्हणून हेलिकॉप्टर बोलावण्याआधी शक्य तिथे विमा कंपनीला स्वतः फोन करा. पायी उतरता येत असेल तर तेच आधी.

शेवटचे दिवस

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. ते दिसतं गोरक्षेपजवळच्या काला पत्थर या टेकडीवरून, म्हणून गोरक्षेपची रात्र वाईट गेली तरी लोक पहाटे चारला काळोखात चढायला निघतात. रात्रभर डोकं दुखलं असेल, उलटी झाली असेल तर काला पत्थर सोडा आणि उजाडताच फेरिचेकडे उतरा.

उतरताना घाई होते आणि पाय मुरगळतो तो इथेच. काठ्या वर जाताना नसल्या तरी चालतील, उतरताना हव्यात. नखं आधीच कापा, बूट उताराला घट्ट बांधा.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची आणि उताराची. विमानं सहसा सकाळीच उडतात. ढग आले की दिवस गेला, आणि रद्द झालेल्या विमानाचे प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या ठरलेल्या प्रवाशांच्या मागे जातात. गर्दीच्या महिन्यांत बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापला उतरतात, तिथून काठमांडू आणखी चार-पाच तास. त्यामुळे काठमांडूहून मुंबईचं तिकीट लुक्लाच्याच दिवशीचं काढू नका. दोन दिवसांचं अंतर ठेवा, आणि आदल्या संध्याकाळी लॉजवाल्याकडून विमानाची खात्री करून घ्या. सामान हातातलं धरून पंधरा किलोच चालतं.