नॅपसॅकचा ग्रीडी कोड चुकतोय? आधी हे तपासा

नॅपसॅक म्हणजे वजनाची मर्यादा असलेली पिशवी जास्तीत जास्त मूल्याच्या वस्तूंनी भरायचा प्रश्न. ग्रीडी म्हणजे दर वेळी त्या क्षणी सर्वात फायद्याची दिसणारी वस्तू उचलायची पद्धत. 'उत्तर जुळत नाही' म्हणत कुणी ज्युनिअर नॅपसॅकचा कोड घेऊन आला की मी स्क्रीनकडे नंतर बघतो. आधी विचारतो, वस्तू तोडता येते का? पुष्कळदा तिथंच उलगडा होतो.

तुकडा घेता येत असेल, तर मूल्य भागिले वजन काढायचं, उतरत्या क्रमानं लावायचं आणि वरून भरत जायचं. हे बरोबरच येतं. गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी १९५७ सालीच ते दाखवलंय. पण वस्तू अख्खी घ्यायची किंवा सोडायची असेल, तर याच पद्धतीची हमी संपते. वजनं १०, २०, ३०, मूल्यं ६०, १००, १२०, मर्यादा ५०. ग्रीडी पहिल्या दोन उचलतो, १६० वर थांबतो. शेवटच्या दोन घेतल्या असत्या तर २२०. इथं कोडमध्ये कितीही प्रिंट टाका, बग सापडणार नाही, कारण तो नाहीच.

मग खरा बग ओळखायचा कसा? शेजारी एक ब्रूट फोर्स लिहा, म्हणजे वस्तूंचे सगळे शक्य संच तपासून सर्वोत्तम निवडणारा कोड. पायथनच्या आयटरटूल्स मॉड्यूलमधलं कॉम्बिनेशन्स वापरलं तर दहा ओळीही लागत नाहीत. १५ वस्तूंचे ३२,७६८ संच होतात, पायथनला ते काहीच नाही. रँडम इनपुट द्या, सीड (ज्यावरून रँडम आकडे तयार होतात तो सुरुवातीचा अंक) मात्र पक्का ठेवा, नाहीतर फसलेली केस पुन्हा हाती लागत नाही. ग्रीडीचं उत्तर ब्रूट फोर्सपेक्षा जास्त आलं तर चूक नक्की कोडमध्ये: बहुधा उरलेली जागा वजा करायची राहिलीय. कमी आलं तर तीच केस कागदावर सोडवा. कागद आणि कोड जुळले, की दोष पद्धतीचा.

कागद जुळला नाही तर माझा पहिला संशय // वर, म्हणजे अपूर्णांक टाकून देणाऱ्या भागाकारावर. १९/१० आणि १०/१० दोन्हींचं गुणोत्तर त्यानं १ च येतं. पायथनचं सॉर्ट स्टेबल असल्यामुळे समान गुणोत्तराच्या वस्तू मूळ क्रमातच राहतात. म्हणजे यादी उलटी दिली की उत्तर बदलू शकतं. ही खूण लक्षात ठेवा. दुसरा संशय ब्रेकवर: एक वस्तू मावली नाही म्हणून लूपच सोडला, तर मागच्या छोट्या वस्तूंना संधीच मिळत नाही. तिथं कंटिन्यू हवं. उतरत्या क्रमासाठी सॉर्टला रिव्हर्स=ट्रू द्यायला विसरणं तर नेहमीचंच.

अचूक उत्तरासाठी डायनॅमिक प्रोग्रॅमिंगकडे वळा, म्हणजे प्रत्येक लहान मर्यादेचं सर्वोत्तम उत्तर साठवत मोठ्या मर्यादेपर्यंत जा. एकाच ॲरेत करत असाल तर आतला लूप मोठ्या मर्यादेकडून लहान मर्यादेकडे न्या. उलट नेलात तर एकच वस्तू अनेकदा मोजली जाते.

इंटरव्ह्यूत यावर पुढचा प्रश्न ठरलेला: एवढ्यात सुटतं, तर मग हे एनपी-हार्ड (ज्याला कायम वेगानं सुटणारी रीत सापडलेली नाही असं) कसं? उत्तर मर्यादेच्या आकड्यात आहे. त्यावर एक शून्य वाढवलं की इनपुट एका अंकानं वाढतं, काम मात्र दहापट.