मॉड्युलर घर की विटा-सिमेंटचं? गुंतवणुकीच्या हिशेबातल्या या चुका टाळा

राऊ, बिचोलीकडे प्लॉट घेऊन ठेवलेले इंदूरमधले बरेच मराठी लोक सध्या एकच विचारतात: कारखान्यातून येणारं मॉड्युलर घर उभं करून भाड्यानं द्यावं, की नेहमीसारखं बांधावं?

पहिली चूक भावातच होते. ठेकेदाराच्या स्क्वेअर फुटाच्या भावात पाया धरलेला असतो, कारखान्याच्या भावात बहुधा नसतो. त्यात आपली माळव्याची काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. "घर हलकं, त्याला कशाला मोठा पाया?" असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, हलकं घरच फुगणारी माती आधी उचलते. मुरूम लागेपर्यंत खोदा, किंवा अंडर-रीम्ड पाइल (खालच्या टोकाला फुगीर केलेले, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घ्या. तो खर्च धरूनच भावांची तुलना करा.

माझ्या आतेभावाच्या प्लॉटवर गवंड्यानं अँकर बोल्ट, म्हणजे स्टीलचे कॉलम पायाला धरून ठेवणारे बोल्ट, नुसत्या टेपनं मापून बसवले. क्रेन आली, ट्रक आला, आणि दोन कॉलमच्या तळाच्या लोखंडी प्लेटची भोकं बोल्टांना जुळेनात. वेल्डर गॅसकटरनं भोकं वाढवायला निघाला होता. "दादा, थांबव त्याला!" मी ओरडलोच. कॉलम खाली उतरवले, इंजिनिअरला बोलावलं, चुकीचे बोल्ट कापून केमिकल अँकर (काँक्रीटमध्ये भोक पाडून रसायनानं चिकटवलेले बोल्ट) बसवले. दोन दिवस क्रेनचं भाडं फुकट गेलं. कंपनीकडून टेम्प्लेट, म्हणजे बोल्टांच्या जागा दाखवणारा साचा, मागून घ्या, तो जागेवर ठेवूनच काँक्रीट ओता, आणि ट्रक बोलावण्याआधी दोन्ही कर्ण स्वतः मोजा.

कर्जाचंही आधी बघा. बँक प्लिंथ (जोतं), स्लॅब असे टप्पे बघून पैसे सोडते. कारखान्याला मात्र माल निघण्यापूर्वीच मोठी रक्कम हवी असते, आणि तेव्हा प्लॉटवर दाखवायला काहीच नसतं. बयाणा देण्याआधी बँकेत कोटेशन दाखवून हप्ते ठरवून घ्या.

"उचलून नेता येतं, मग परवानगी कशाला?" हा गैरसमज तर फार महागात पडतो. पक्क्या पायावर राहायचं घर म्हणजे डायव्हर्शन (शेतजमिनीचा वापर राहण्यासाठी बदलून घेणं) आणि मंजूर नकाशा हवाच. घर कोणत्याही पद्धतीचं असो, बांधकाम जुनं होत जातं. किंमत वाढते ती जमिनीची, आणि तीही कागद स्वच्छ असतील तरच.

माझं मत विचाराल तर, पाच-सात वर्षांत विकायचं असेल तर विटांचंच बांधा. इथला गिऱ्हाईक अजून भिंतीवर टकटक करून बघतो. लवकर भाडं सुरू व्हायला हवं असेल तर मॉड्युलरला तोड नाही. इकडे पाया होतो, तिकडे कारखान्यात भिंती तयार होतात. फक्त भाडेकरूला पॅनेलमध्ये डिशचे स्क्रू मारू देऊ नका, पाणी तिथूनच शिरतं.

इंदूरमध्येच कनाडियाकडे केंद्राच्या लाइट हाउस या नव्या तंत्राच्या घरांच्या प्रकल्पात स्टीलचा सांगाडा आणि सँडविच पॅनेल (दोन पत्र्यांसारख्या थरांमध्ये हलकं भरण असलेल्या तयार भिंती) वापरून १,०२४ घरं उभारली आहेत. पैसे गुंतवण्याआधी तिथे चक्कर मारा. भर पावसात जा, आणि खिडक्यांच्या खालचे कोपरे बघा.